शोधणाऱ्यांचा दगड

देवलापारच्या पुढे हमरस्ता सोडून आत गेलं की एक लहान गाव लागतं. गावाच्या शेवटी एक शेत आहे आणि त्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जिथून जंगल सुरू होतं तिथे, कमरेएवढा काळा दगड उभा आहे. नवखी माणसं त्याला हात जोडतात. एकदा कुणी त्याला शेंदूर फासला, तो शेतमालकिणीने ओल्या फडक्याने पुसून काढला. कुणी विचारतं, इथे कोण मेलं होतं? तेव्हा ती चिडते.

"कोणी नाई मेलं. मेलं असतं त मी माह्या धुऱ्यावर दगड लावू देला असता का?"

ऐकणारा गोंधळतो. दगड मेलेल्यांसाठी किंवा देवासाठी असतो, ही आपली सवय. हा दगड एका शोधाचा आहे. त्या जंगलात दोन माणसं हरवली होती आणि गावाने त्यांना शोधून आणलं होतं. त्या दोघांपैकी एक माझे पती.

ते मागच्या हिवाळ्यात गेले. नागपूरला, सक्करदऱ्याच्या आमच्या घरात, स्वतःच्या पलंगावर, दुपारचा चहा घेऊन जरा पडतो म्हणाले आणि उठले नाहीत. अजून वर्ष फिरायचं आहे. भेटायला येणारे ते कसे गेले हे विचारतात, मी सांगते, ते ऐकून घेतात आणि चहा पिऊन जातात. ते एकदा परत कसे आले होते, हे कुणी विचारत नाही. मी जन्मभर शाळेच्या ग्रंथालयात काम केलं, बोलण्यापेक्षा लिहिणं मला सोपं जातं. म्हणून हे सावकाश लिहिते आहे.

ते भूगोल शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी आणि त्यांच्या एका मित्राने एक नाद लावून घेतला. हे मित्र मोजणी खात्यात नकाशे काढायचे, पत्नी वारल्यापासून ते आमच्याकडेच जास्त असत. फार पूर्वी बंजाऱ्यांचे तांडे बैलांवर मीठ लादून ज्या वाटांनी जात, त्या वाटा जंगलात कुठे उरल्या आहेत ते हे दोघे शोधायचे. अशाच एका वाटेवर एक दगडी बावडी, पायऱ्यांची विहीर, आहे असं त्यांनी म्हाताऱ्यांकडून ऐकलं होतं. त्या बावडीसाठी यांनी गांधीबागेच्या कापडबाजारातून जाड खाकी कापड आणून खूप खिशांची विजार शिवून घेतली. शिंप्याने विचारलं, सर, इतक्या खिशांत ठेवणार काय? हे म्हणाले, एका खिशात होकायंत्र, बाकीच्यांत शेंगा. आणि खरोखर तसंच होतं. भाजलेल्या शेंगा टरफलांसकट खिशात भरून हे दोघे जायचे आणि संध्याकाळी मोकळे खिसे घेऊन परत यायचे.

त्या एप्रिलमध्ये एका सकाळी त्यांचा गावातून फोन आला. "इथे वाघिणीची गडबड आहे. पिल्लं घेऊन नाल्याजवळ आली म्हणतात. गाव हाका घालणार आहे. आम्ही दुसऱ्या अंगाने जातो, काळजी करू नकोस." हाका म्हणजे काय ते मला माहीत होतं. माणसं रांग धरून डफडी, थाळ्या, डबे वाजवत, ओरडत जंगलात शिरतात आणि जनावराला पुढे हुसकतात. पूर्वी शिकारीसाठी घालत, आता मोह वेचायला जाणाऱ्या बायांच्या वाटेवरून जनावर दूर जावं म्हणून घालतात.

संध्याकाळी ते परतले नाहीत. फोन लागत नव्हता. दुसऱ्या दिवशी उजाडताच आमच्या लेकीने मिहानमधल्या ऑफिसात रजा कळवून गाडी काढली आणि आम्ही गावात पोचलो.

हे दोघे नेहमी ज्या घरी गाडी लावून चहा प्यायचे, त्या घरासमोर मांडव पडला होता. घरच्या मुलीचं लग्न होतं. त्या घरची बाई, म्हणजे आजची दगडाची मालकीण, हातातलं काम टाकून पुढे आली. "बाई, तुम्ही बसा. गाव गेलं हाय जंगलात. आणतेच आता." तिने मला पाणी दिलं आणि लेकीला म्हणाली, "तू बी पी वं. तुहं तोंड पाहून पानी बी सुकलं."

गाव खरोखर गेलं होतं. वनरक्षक पुढे आणि मागे हाताशी आलेली सगळी माणसं, हातात डफडी, थाळ्या, तेलाचे रिकामे डबे. दिवसभर मांडवात बसून मी तो आवाज ऐकत होते. साग निष्पर्ण होता, त्यामुळे आवाज लांबवर जात होता. तो जितका लांब जाई तितकं मला बरं वाटे, की इतका मोठा आवाज त्या दोघांच्या कानांवर पडल्याशिवाय राहणार नाही.

माणसं संध्याकाळी परतली. घामाने डबडबलेली, धुळीने भरलेली. वनरक्षकाने ओंजळ पुढे केली. तिच्यात शेंगांची टरफलं होती.

"ताजी आहेत," तो म्हणाला. "पहिली नाल्याजवळ मिळाली. मग त्याच्या पुढे टेकडीखाली. मग आणखी आत. मला हेच कळत नाही बाई, चुकलेला माणूस गावाकडे येतो. हे दोघं आत आत काहून जाऊन राहिले?"

त्या रात्री मी त्याच घरी राहिले. सकाळी मुलीची हळद होती. उजाडतानाच अंगणात शेकोटी पेटवून माणसं पुन्हा जंगलात जाण्यासाठी डफडी तापवत होती. तापवलं की चामडं ताणतं आणि आवाज खणखणीत येतो. एकाने आवाज पाहण्यासाठी डफड्यावर काडी मारली. तो आवाज इतक्या जवळून ऐकला आणि मी दचकून मागे सरले. त्या सरण्यातच मला कळलं.

"वाजवू नका," मी म्हटलं.

वनरक्षकाने माझ्याकडे पाहिलं. "बाई, वाजवलं नाही तर त्यांना कळणार कसं?"

"त्यांना कळतंय. म्हणूनच पुढे पळतायत." माझा आवाज मलाच परका वाटत होता. "जाताना मला फोनवर म्हणाले होते, गाव वाघिणीसाठी हाका घालणार आहे. डफडं ऐकलं की त्यांना वाटतं, वाघीण आपल्या अंगावर येतेय. तुम्ही जितके पुढे जाता तितके ते पुढे जातात."

मग शेकोटीपाशी बसलेला एक जण हळूच म्हणाला, "म्हणजे कालपासून आपनच हाकलून राहिलो का गा बुढ्यायले?"

कुणाला तरी हसू फुटलं आणि तिथेच विरलं.

"मंग बिनावाजवता जाऊ. नुसते आवाज देऊ."

"हाक्यात बी माणसं वरडतेच ना."

"मंग हाक्यात नसते असं काय हाय?"

मांडवाच्या खांबाला टेकून एक म्हातारा बशीतून चहा पीत होता. मुलीच्या हळदीसाठी शेजारच्या गावाहून आलेला सनईवाला. मुलीला तो आणि त्याचा डफडेवाला जोडीदार अजिबात नको होते. आदल्या दिवशी मी ऐकलं होतं, ती आईला म्हणत होती, "पोरावाल्यायनं नागपूरचं धुमाल ठरवलं हाय, अन् आपल्याकडे काय, त दोन बुढे." धुमाल म्हणजे ढोलताशांचा दणदणीत बँड. त्या म्हाताऱ्याने बशी खाली ठेवली.

"सनई नसते," तो म्हणाला. "वाघाले कोणी सनई वाजवते का?"

साधी गोष्ट होती, पण ती ऐकताच अंगणातली सगळी माणसं एकदम उभी राहिली. एक माणूस तेवढा उठला नाही. मुलीचा मामा. आमच्याकडे लग्नात मामाचा शब्द मोठा, आणि हा मामा आवाजानेही मोठा होता.

"थांबा. ते हळदीची सनई हाय. तिकडे काय दिसन, कसं दिसन, सांगून ठेवलं हाय का कोणी? दोन रात्री झाल्या. पानी नाई, वरून असं ऊन. मेले असन त? हळदीची वाजंत्री मातीले नेता का? पोट्टीच्या संसाराले काय लागन याचा विचार केला?"

दोन दिवसांत हा शब्द पहिल्यांदाच कुणी मोठ्याने उच्चारला होता. लेकीने माझा हात घट्ट धरला. मामाचं चुकत नव्हतं. मंगल वाद्य मरणाच्या दिशेने जात नाही. ज्या घरात कुणी गेलं असेल तिथे वर्षभर ते वाजत नाही. आज माझ्याही घरात वाजत नाही. माझ्या माणसासाठी तुमच्या मुलीचा शकून पणाला लावा, असं मी कोणत्या तोंडाने म्हणणार? घरची बाई एकदा माझ्याकडे, एकदा भावाकडे बघत होती.

मुलगी आतून उंबऱ्यावर आली. हातांना मेंदी लावलेली होती, म्हणून हात तिने अंगापासून लांब धरले होते.

"मामा, मेलेल्यासाठी सनई वाजत नाई ना?"

"नाई वाजत. तेच त सांगून राहिलो."

"मंग वाजवा. सनई वाजली म्हणजे ते जिते हायेत."

"तुले काय समजते वं यातलं?"

"समजलं तेवढं सांगतलं. हळद माही हाय."

मामाने खुंटीवरचा गुलाबी फेटा काढला, डोक्यावर ठेवला आणि म्हणाला, "चाला. वाजंत्रीच्या पुढं मामा लागते."

अशी ती वरात निघाली. सगळ्यांत पुढे गुलाबी फेटा, मागे सनईवाला, त्याच्या मागे वनरक्षक, मग गाव, मग आम्ही दोघी. धुऱ्यापाशी, आज जिथे दगड आहे तिथे, वनरक्षक थांबला. डफडी, थाळ्या, डबे सगळं त्याने तिथे खाली ठेवायला लावलं. एक जण म्हणाला, "साहेब, वाघीण समोर आली त?" मामा मागे न बघता म्हणाला, "त तिले बी अक्षता दे."

ठरलं होतं ते असं. सनई वाजवायची, मग थांबायचं आणि सगळ्यांनी श्वास धरून ऐकायचं. कुणी ओरडायचं नाही. पाचोळ्यावर पाय वाजतो, म्हणून थांबल्यावर पायही हलवायचा नाही. म्हातारा वाजवत होता ती नवरीला न्हाऊ घालतानाची धून होती. धापेने मध्येच स्वर तुटे. तो कंबरेवर हात ठेवून उभा राही, पुन्हा सनई ओठांना लावी. दर वेळी तो थांबला की जंगल फार मोठं वाटे. होला घुमे, एखादं पान पडे, बाकी काही नाही. टरफलं शेवटची जिथे मिळाली होती ती जागाही मागे पडली. ऊन वर आलं. मी लेकीकडे बघायचं टाळत होते आणि ती माझ्याकडे.

मग एकदा सनई थांबली आणि आम्ही ऐकत उभे असताना समोरच्या झुडपांतून, दुसऱ्याच एका खोल नाल्यातून, एक बसलेला, ओरबाडलेला आवाज आला.

"कोणाचं लग्न आहे हो?"

तो आवाज मी इतकी वर्षं घरात ऐकला होता. फळ्यासमोर उभं राहून शेवटच्या बाकापर्यंत पोचवायची सवय असलेला.

मामाने फेटा काढला, तोंडावर धरला आणि त्यातूनच ओरडला, "माह्या भाचीचं! जेवाले या!"

मी त्यानंतर काय केलं ते मला नीट आठवत नाही. लेक सांगते की मी धावले. मला धावताना तिने आयुष्यात तेवढ्या वेळीच पाहिलं. नाल्याच्या वाळूत ते दोघे बसले होते. ओठ फाटलेले, डोळे आत गेलेले, हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले. वाळू उकरून त्यांनी झिरा काढला होता आणि त्यात जमेल तेवढं पाणी रुमालाने टिपून ते प्यायले होते. पळताना मित्रांचा पाय मुरगळला होता. मी यांच्या सदऱ्याची बाही धरली आणि गावात येईपर्यंत सोडली नाही.

"वहिनी," मित्र म्हणाले, "परवा वाट चुकलो आणि काल दिवसभर पळालो हो. डफडं वाजलं की पळायचं. आज सनई ऐकली तेव्हा मी याला म्हटलं, संपलं, आपण वर पोचलो."

"आणि मी याला म्हटलं," हे म्हणाले, "वर पोचलो असतो तर पाय एवढा दुखला नसता तुझा."

वनरक्षक यांच्यासमोर उभा राहिला. त्याने बोट उगारलं. "सर, तुम्हाला पहिल्या नाल्याच्या पुढे यायची परवानगी नव्हती." आणि एवढं बोलून तो वाळूत मटकन बसला आणि लहान मुलासारखा रडला.

परतताना सगळं वाजलं. धुऱ्यावर ठेवलेली डफडी, थाळ्या, डबे, जे हाताला लागेल ते. मित्रांना दोघांनी खांद्यावर घेतलं होतं. गावातल्या बाया शेतात येऊन उभ्या होत्या. घरच्या बाईने हळदीची वाटी आणली आणि आधी त्या दोन म्हाताऱ्यांच्या गालांना हळद फासली. "नवऱ्या मुलीच्या आधी?" कुणीतरी म्हणालं. "तिनंच सांगतलं," ती म्हणाली. मग आरोग्य केंद्रात नेऊन दोघांना सलाइन लावली. लग्नाच्या दिवशी हे दोघे गालांवर पिवळे डाग घेऊन पंगतीत बसले होते. मुलाकडचं धुमाल दणक्यात वाजत होतं. वऱ्हाडातला एक जण मुलीला चिडवायला म्हणाला, आमचं धुमाल कसं आहे? ती खाली मान घालून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "चांगलं हाय. पन यानं आतापर्यंत कोणाले शोधून आनलं का?"

दगडाची कल्पना मामाची. वर्ष होत आलं तेव्हा तो आमच्या घरी आला आणि म्हणाला, सर, तिथे काही तरी पायजे. वनरक्षकाने सांगितलं की जंगलाच्या जमिनीत एक वीटही रचता येणार नाही. तेव्हा घरच्या बाईने आपला धुरा दिला. दगड घडवायला तुळशीवृंदावनं करणारा एक जण मिळाला. त्याने सनई अशी कोरली की ती धोतऱ्याच्या फुलासारखी दिसते, आणि सनईवाला म्हातारा ती बघून म्हणाला, "असू द्या. वाजवाची थोडीच हाय."

अडलं ते नावांवर. गावाला त्या दोघांची नावं कोरायची होती. हे ऐकेनात. "हरवणाऱ्यांची नावं कशाला? हरवण्यात कसलं कर्तृत्व? शोधणाऱ्यांची घाला." शोधणाऱ्यांची घालायची तर दगड पुरेना, आणि एकाचं राहिलं असतं तर पुढचं वर्षभर गावात भांडण. शेवटी कुणाचंच नाव नाही, असं ठरलं. यांनी दोन ओळी लिहून दिल्या. *इथून आम्ही वाजत गेलो. त्यांना घेऊन वाजत आलो.* तेवढंच कोरलं आहे.

दगड उभा केला त्या दिवशी सगळं गाव जमलं. मुलगी सासरहून आली होती. नारळ फोडायचा नाही हे घरच्या बाईने आधीच बजावलं होतं, "फोडला की देव झाला समजा." मग सुरुवात करायची कशी, ते कुणाला सुचेना. मामा माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, तुम्ही दोन शब्द बोला."

तोपर्यंतच्या आयुष्यात मी चारचौघांत बोललेलं वाक्य एकच होतं, आणि ते म्हणजे ग्रंथालयातलं 'हळू बोला'. हे माझ्याकडे बघून मान हलवत होते, नको असेल तर राहू दे म्हणून. मी उठले. त्या वर्षात मी त्या गावी खूपदा गेले होते. कधी लेकीबरोबर, कधी एसटीने एकटी. प्रत्येक घरी बसले होते. कोण कोणाचा कोण, कोणाच्या हातात डफडं होतं आणि कोणाच्या हातात तेलाचा डबा, हे मला पाठ झालं होतं. मी दगडाजवळ उभी राहिले आणि नावं घ्यायला लागले.

मामाचं. सनईवाल्याचं. त्याच्या जोडीदाराचं. वनरक्षकाचं. मग घराघराने, गावाच्या वेशीपासून धुऱ्यापर्यंत. ती नावं इथे लिहीत नाही, दगडावर नाहीत तर कागदावर कशाला. सुरुवातीला सगळे नुसते ऐकत होते. मग एकाने आपलं नाव आल्यावर शाळेतल्यासारखं "हाजीर" म्हटलं आणि सगळे हसले, आणि त्यानंतर प्रत्येक जण म्हणायला लागला. जो हजर नव्हता त्याच्यासाठी दुसरा ओरडे, "भंडाऱ्याले गेला हाय, पन होता तो." मुलीचं नाव घेतलं तेव्हा ती म्हणाली, "मी कोठी जंगलात गेली होती?" आणि तिचा मामा म्हणाला, "हाजीर म्हण वं." ती म्हणाली.

एकही नाव सुटलं नाही. माझं संपल्यावर मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, कुत्रा बी होता ना संग." मी कुत्र्याचंही नाव घेतलं. ते मला माहीत होतं. त्यावर जो हशा झाला तो मला अजून ऐकू येतो.

परतताना गाडी लेक चालवत होती. हे माझ्याशेजारी मागे बसले होते. मनसर आल्यावर म्हणाले, "सगळ्यांचं घेतलंस. माझंच नाही घेतलंस."

"तुम्ही शोधायला कुठे होतात?" मी म्हटलं.

ते इतके हसले की लेकीने गाडी बाजूला घेतली, आणि मागे वळून आम्हा दोघांकडे बघत राहिली.